गाडी उभी असते तेव्हा

विजेवरची मोटार घ्यावी का, हा प्रश्न आता आपल्याकडे घराघरांत निघतो. दसरा-पाडवा जवळ आला की जास्तच निघतो. चर्चेतले प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते? बॅटरी किती वर्षे टिकते, आणि गेलीच तर बदलायला किती पैसे लागतात? तिला आग लागते म्हणतात, ते खरे का? पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले तर? सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट काढू देईल का? विजेचे बिल किती वाढेल? पाच-सात वर्षांनी विकायची म्हटली तर कोण घेईल? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि या पुस्तकात त्यांना जागा आहे. पण ज्या प्रश्नासाठी हे पुस्तक मुळात लिहावेसे वाटले, तो या यादीत सहसा नसतो : गाडी चार्जिंगला लावायची कधी?

खासगी मोटार दिवसातले बावीस-तेवीस तास जागच्या जागी उभी असते. पेट्रोलच्या गाडीचे हे उभे राहणे कोणाच्या खिजगणतीत नसते. जागा अडते, एवढेच. विजेवरची गाडी मात्र याच वेळात वीज घेते, आणि ती कोणत्या तासाला घेते यावर बरेच काही ठरते. गल्लीतले रोहित्र तापणार की नाही, कोराडी-चंद्रपूरला जादा कोळसा जळणार की दुपारचे ऊन कामी येणार, महिन्याचे बिल किती येणार, हे सगळे त्या तासावर. गाडी विकणारा किलोमीटर सांगतो, वीज देणारा मंजूर भार विचारतो. तासांबद्दल ग्राहकाशी कोणीच बोलत नाही. गाडी घेणारा आणि वीज घेणारा हा एकच माणूस आहे, हे दोन्हीकडच्यांनी अजून मनावर घेतलेले नाही. त्याच्या गाडीतली बॅटरी उद्या राज्याच्या वीजव्यवस्थेच्या उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर त्याला आधी नीट सांगावे लागेल, मग विचारावे लागेल, आणि तो हो म्हणाला तर त्याचे दाम मोजावे लागतील. माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

विजेवरच्या गाडीबद्दल आपल्या मनात जे चित्र आहे, ते एकदम तयार झालेले नाही. बंगळुरूच्या चेतन मैनी यांची रेवा २००१ साली रस्त्यावर आली. शिशाच्या बॅटऱ्या, दोन दारे, ऐंशीएक किलोमीटरचा पल्ला. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ या नावाने बरीच फिरली. आपल्याकडे मात्र ‘गावातल्या गावात फिरवायची छोटी गाडी’ असा विजेच्या गाडीवर जो शिक्का बसला, तो पुढे जवळपास दोन दशके पुसला गेला नाही. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा पहिल्यांदा नेहमीच्या कुटुंबाच्या गाडीसारखी दिसणारी, मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी विजेची मोटार लोकांनी पाहिली. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि कागदावरचा पल्ला ३१२ किलोमीटर. हा आकडा पुण्यातल्या एआरएआय या संस्थेच्या ठरीव चाचणीतला. प्रत्यक्ष रस्त्यावर, एसी लावून, चार माणसे बसवून तो दोनशेच्या आसपास येई.

या शंभर किलोमीटरच्या फरकाने फार नुकसान केले. पेट्रोलच्या गाडीचेही असेच असते. कंपनी वीस सांगते, आपण पंधरा धरतो आणि त्याबद्दल कोणी कांगावा करत नाही. पण तिथे दर दहा किलोमीटरवर पंप असतो. विजेच्या गाडीत तो फरक म्हणजे सातारच्या पुढे जाणे आणि अलीकडे अडकणे यातला फरक ठरतो. पहिल्या ग्राहकांनी तो अनुभव शेजाऱ्यांना सांगितला, शेजाऱ्यांनी मेव्हण्यांना सांगितला, आणि पुढे साठ-सत्तर युनिटांच्या बॅटऱ्यांच्या गाड्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या तरी बोलणे जुन्याच गाडीचे चालू राहिले. २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी विजेवरच्या शंभरात तीनसुद्धा नव्हत्या. त्याच सुमारास नॉर्वेत नव्या मोटारींपैकी शंभरात जवळपास एकोणनव्वद विजेवरच्या होत्या. नॉर्वेचे उदाहरण आपल्याकडे फार दिले जाते. तिथे बहुतेक वीज पाण्यापासून होते, घरांना स्वतःची गाडी लावायची जागा असते आणि सरकारने वर्षानुवर्षे कर माफ केले. त्यातले पहिले आपल्याकडे शक्य नाही आणि दुसरे शहरांत दुर्मीळ आहे. म्हणून या पुस्तकात नॉर्वेला मी एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा दिलेली नाही.

लांबच्या प्रवासाच्या भीतीला जाणकार मंडळी अनेकदा हसतात. रोज तुम्ही चालवता तीस-चाळीस किलोमीटर, मग तीनशेची काळजी कशाला, असे ते विचारतात. हा हिशेब बरोबर असला तरी माणसाच्या मनाला तो लागू पडत नाही. गाडी रोजच्या वापरासाठी घेतली जाते, पण ठरवली जाते ती वर्षातल्या दोन-तीन प्रवासांवरून. गणपतीला रत्नागिरी-सिंधुदुर्गात जायचे असते; त्या दोन दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर हजारो गाड्या एकाच दिशेने निघालेल्या असतात, आणि वाटेतल्या चार्जरसमोर किती रांग असेल हे कोणी सांगू शकत नाही. गाडीत म्हातारे आई-वडील आहेत, मूर्ती आहे, वेळेत पोचायचे आहे. अशा वेळी ‘रोजचे तुमचे चाळीसच किलोमीटर आहेत’ हे उत्तर उपयोगाचे नसते. उपयोगाचे उत्तर एकच : त्या मार्गावर, त्या दिवशी, चालू स्थितीतले पुरेसे चार्जर. बंद पडलेल्या एका चार्जरची बातमी चालू असलेल्या दहा चार्जरपेक्षा लांब जाते, आणि ते स्वाभाविक आहे.

आगीबद्दल थोडक्यात. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेवरच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या, पुण्यातलीही एक त्यात होती. जूनमध्ये वसईत एक मोटार जळाली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक झाली आणि वर्षअखेरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. आज आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा ती उष्णता जास्त सोसते. घरातला धोका बहुतेक वेळा गाडीपेक्षा वायरिंगमध्ये असतो. जुन्या इमारतीतली बारीक वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर सलग आठ तास गाडी लावलेली. वायरिंगचे काम चांगल्या वायरमनकडून करून घेतले पाहिजे, आणि सोसायटीने त्याचा आग्रह धरला तर तो अडवणूक समजू नये.

आता ज्या विषयाकडे मला वाचकाला न्यायचे आहे, तिकडे वळतो. आपल्या मनातल्या गाडीच्या चित्रामागे विजेचे एक जुने चित्र आहे. ते ज्याच्या मनात नाही असा पस्तिशीच्या पुढचा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. शहरांत तासांचे, गावाकडे बारा-बारा तासांचे भारनियमन. वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येई, आणि गिरणी, दळण, पाणी भरणे, मुलांचा अभ्यास हे सगळे त्या वेळापत्रकावर बेतले जाई. ज्या पिढीने ‘लाइट कधी येणार’ हा प्रश्न रोज विचारला, तिला ‘आता गाडीही विजेवर चालवा’ असे सांगितल्यावर ती क्षणभर थांबते. त्या थांबण्याला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

याच काळात पुण्यात एक प्रयोग झाला, आणि या विषयावर लिहिणाऱ्यांनी तो विसरू नये असे मला वाटते. २००६ मध्ये शहराच्या परिसरातल्या कारखान्यांनी भारनियमनाच्या वेळी आपली स्वतःची जनित्रे चालवायची, ग्रिडमधून उचलायची वीज तेवढी कमी करायची, आणि ती सुटलेली वीज शहराला मिळायची, अशी व्यवस्था उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने आणि वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने सुरू झाली. जनित्राच्या महागड्या विजेचा फरक पुण्याच्या ग्राहकांकडून वेगळा आकार घेऊन भरून काढला गेला. पैसे मोजू शकणाऱ्या शहराला उजेड आणि बाकीच्यांना अंधार, ही त्यातली विषमता मला आजही खटकते. शिवाय सगळी भिस्त डिझेलवर. पण त्या व्यवस्थेने एक गोष्ट दाखवून दिली. वीज फक्त मोठ्या केंद्रातूनच ग्राहकाकडे येते असे नाही. ग्राहकाकडे असलेले साधन योग्य वेळी, योग्य मोबदल्यात, ठरलेल्या नियमांनी वापरले तर अख्ख्या शहराची तूट भरून निघू शकते. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांबद्दल आज जे बोलले जाते, त्याचे मूळ तत्त्व हेच आहे, आणि ते आपल्याकडे आपल्याच लोकांनी एकदा राबवून पाहिलेले आहे.

घरगुती ग्राहक सगळे मिळून एकाच वेळी काही करू लागले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले. ग्रिड कोसळेल का, अशी चर्चा आदल्या दिवसापासून होती. राज्याच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी सगळे दिवे एकदम बंद करू नका असे सांगितले होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि परत वर चढली. जलविद्युत केंद्रांनी झपाट्याने उत्पादन कमी-जास्त करून तोल सांभाळला. ग्रिड टिकले, कारण वेळ आधी ठरलेली होती आणि अभियंते तयारीत बसले होते. विजेच्या गाड्यांच्या बाबतीत रोज संध्याकाळी असेच काही, उलट्या दिशेने, घडू शकते. सातला कामावरून परतायचे, गाडी लावायची, प्लग खुपसायचा आणि घरात जाऊन एसी, टीव्ही, मिक्सर सुरू करायचा. याची पूर्वसूचना मात्र कोणी देणार नाही.

हिशेब मांडून पाहू. भिंतीवर बसवायचा घरगुती चार्जर साधारण ७.२ किलोवॉटचा असतो. दीड टनाचे चार-पाच एसी एकदम चालावेत एवढा तो भार. एक लाख गाड्या रात्री आठला एकाच वेळी लागल्या तर ७२० मेगावॉट झाले. कोयनेच्या १,९६० मेगावॉटच्या प्रकल्पाचा हा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग आहे. आकडा ऐकून छाती दडपते. पण दुसरी बाजू पाहा. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दीडशेच्या आसपास युनिटे लागतात, म्हणजे दिवसाला पाच. ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर हे काम पाऊण तासाचे, साध्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर दीड-दोन तासांचे. गाडी उभी असते रात्रभर. दीड तासाचे काम दहा तासांत केव्हाही उरकायचे आहे. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप, लिफ्ट यांतल्या कशालाच एवढी सवड नसते. विजेच्या गाडीइतका सोशिक ग्राहक वीजव्यवस्थेला याआधी मिळालेला नाही.

अडचण येते ती राज्याच्या पातळीवर नंतर, गल्लीच्या पातळीवर आधी. चाळीस फ्लॅटच्या जुन्या सोसायटीचा मंजूर भार बेतलेला असतो तो दिवे-पंखे, काही एसी, एक लिफ्ट यांवर. पहिली गाडी येते तेव्हा काही कळत नाही. सातवी-आठवी येते तेव्हा मीटर रूममधला मुख्य फ्यूज तक्रार करू लागतो आणि सर्वसाधारण सभेत वाद पेटतो. केबल कोणाच्या खर्चाने ओढायची? कॉमन मीटरवर लावलेल्या गाडीचे पैसे मेन्टेनन्समध्ये का? ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी भार वाढवायचा खर्च का सोसावा? ज्याला स्टिल्टखालची जागा मिळाली तो सुखी, ज्याची गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर लागते त्याने काय करायचे? या वादांत सेक्रेटरीला खलनायक ठरवणे सोपे असते. बहुतेक सेक्रेटरी निवृत्त, बिनपगारी आणि घाबरलेले असतात. उद्या काही जळाले तर सही आपली, ही त्यांची चिंता खरी असते. केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींत २०१९ मध्ये नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी वीस टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद आली. जुन्या इमारतींत मात्र माणसेच आपापसांत वाट काढतात. त्यातला सगळ्यात शहाणा मार्ग मला असा दिसतो, की प्रत्येकाने आपापली केबल ओढण्याऐवजी सोसायटीने एकदाच सामायिक व्यवस्था करावी आणि उपलब्ध भार गाड्यांमध्ये आळीपाळीने वाटून देणारे चार्जर बसवावेत. मग आठ गाड्यांना आठपट भार लागत नाही.

बिलाचे प्रकरण याच्याशी जोडलेले आहे. महावितरणच्या घरगुती दरात युनिटे वाढली की टप्पा बदलतो, आणि शंभर युनिटांच्या आतला दर व तीनशेच्या पुढचा दर यांत दुपटीहून जास्त अंतर आहे. घरात दोनशे युनिटे जळत असतील आणि त्यात गाडीची दीड-पावणेदोनशे आली, तर वरची युनिटे महाग टप्प्यात जातात आणि ‘विजेची गाडी स्वस्त’ हा हिशेब डळमळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. चार्जिंगच्या वेगळ्या वर्गवारीत हे टप्पे नसतात. हे ज्याला माहीत आहे त्याचे गाडीबद्दलचे मत वेगळे असते, आणि ज्याला माहीत नाही त्याचे वेगळे. दोघांची गाडी एकच असते.

‘पुण्यातला धूर चंद्रपूरला हलवला, एवढेच ना?’ हा आक्षेप मी अनेक सुजाण लोकांकडून ऐकतो आणि त्याचे मला महत्त्व वाटते. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे. तिथल्या लोकांनी दशकानुदशके राख आणि उष्मा सोसला, तेव्हा मुंबई-पुण्याचे दिवे लागले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशातल्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गाडी चार्ज होतानाची गळती धरून किलोमीटरला एक षष्ठांश युनिट लागले, तर ते सुमारे १२० ग्रॅम झाले. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीचे दीडशेच्या पुढे जातात. फरक आहे, पण डोळे दिपावेत असा नाही, आणि बॅटरी बनवतानाचा बोजा त्यात धरलेला नाही.

ही सरासरी मात्र फसवी आहे, कारण तिच्यात तास नाहीत. रात्री दहाच्या युनिटात कोळसा पुष्कळ असतो. दुपारी बाराच्या युनिटात ऊन मिसळलेले असते आणि दरवर्षी जास्त मिसळत आहे. शेतीच्या फीडरसाठी सौर कृषी वाहिनी योजनेत १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट राज्याने ठेवले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेल्यापासून सगळा देश एका ग्रिडवर आहे, त्यामुळे राजस्थानातले ऊनही आपल्यापर्यंत येऊ शकते. म्हणजे चंद्रपूरच्या माणसाच्या आक्षेपाला जे उत्तर द्यायचे, ते गाडी चार्जिंगला कधी लावली यावरच अवलंबून आहे. दुपारी हिंजवडीत, बीकेसीत, वाळूजमध्ये हजारो गाड्या उन्हात उभ्या असतात. तिथे साधे पॉइंट असते, तर भर रस्त्यावरच्या वेगवान चार्जरपेक्षा कमी खर्चात जास्त काम झाले असते. धोरणात आणि जाहिरातीत वेगवान चार्जरचा बोलबाला आहे. कार्यालयाच्या पार्किंगमधल्या संथ पॉइंटकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे माझे मत आहे.

विजेला वेळ असते हे शहरातल्या माणसाला नव्याने शिकवावे लागते. शेतकऱ्याला नाही. आठ तास थ्री फेज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हा फेरा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पाळला. रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप-विंचू आणि बिबट्याच्या भीतीत, तो मोटर चालू करायला जात होता. वीजव्यवस्थेच्या भाषेत याला भार सरकवणे म्हणतात. शहराची संध्याकाळ उजळ ठेवण्यासाठी गावाचा भार रात्रीत सरकवला जात होता. त्याला कोणी विचारले नव्हते. दिवसा वीज ही मागणी इतकी वर्षे इतक्या तळमळीने का होत राहिली, ते यातून समजते. मोटारवाल्याकडून आता तशीच सवलत मागायची असेल, तर ती मागण्याची रीत तरी वेगळी हवी. शेतकऱ्याकडून जे न विचारता घेतले, ते मोटारवाल्याकडून विचारून आणि दाम देऊन घ्यावे. आणि ते देताना शेतकऱ्याचीही आठवण ठेवावी.

दाम देण्यासाठी तास मोजावे लागतात आणि तास मोजायला नवा मीटर लागतो. इथेच गाडे अडते. २०२४ मध्ये स्मार्ट मीटरविरुद्ध राज्यभर असंतोष उसळला. मीटर पळतो, प्रीपेड करून अंधारात टाकतील, खर्च शेवटी आमच्याच बिलात येईल, हे आरोप गावोगाव झाले आणि सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. पुढे पोस्टपेड टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे मीटर, आले. २०२५ च्या जुलैपासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत मिळू लागली. गाडी असलेल्याला हा मीटर खरोखर फायद्याचा आहे. तरीही तो फायदा सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, कारण मीटर आधी आला आणि त्याचे कारण मागाहून आले. तंत्राची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलू नये.

पुढचे बोलणे आहे ते गाडीतून ग्रिडकडे वीज परत देण्याचे, म्हणजे व्ही-टू-जीचे. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहलेखक स्टीव्हन लेटेंड्रे यांनी १९९७ मध्येच ती मांडली होती. जपानमध्ये मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर वीज टंचाईत लोकांना गाडीच्या बॅटरीची किंमत कळली, आणि पुढच्याच वर्षी निसानने लीफ गाडीतून घराला वीज पुरवणारी व्यवस्था बाजारात आणली. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ पासून आलेल्या गाड्या ब्रेक लावताना वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडतात. अकोले-शहापूरच्या सीमेवरचा घाटघर प्रकल्प मागणी कमी असताना पाणी वर चढवतो आणि मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॉट वीज करतो. तो सहा तास चालला तर पंधरा लाख युनिटे झाली. दहा लाख गाड्यांच्या बॅटऱ्या, प्रत्येकी तीस युनिटांच्या, तीन कोटी युनिटे साठवतात. त्यातला फक्त दहावा हिस्सा संध्याकाळी उसना मिळाला तरी दोन घाटघरांचे काम होईल, तेही धरण न बांधता आणि जंगल न बुडवता.

ग्राहकाचा पहिला प्रश्न इथे ठरलेला आहे : माझी बॅटरी झिजेल, ती कोण भरून देणार? शास्त्रज्ञांतही यावर मतभेद झाले. २०१७ मध्ये हवाई विद्यापीठाच्या मॅथ्यू डुबारी यांच्या गटाने म्हटले की अशा वापराने बॅटरी लवकर खराब होते. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या कोतुब उद्दीन यांच्या गटाने म्हटले की नीट वापरली तर आयुष्य उलट वाढू शकते. पुढच्या वर्षी दोघांनी एकत्र बसून एक लेख लिहिला. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर होते. फरक पडतो तो बॅटरी किती भरलेली ठेवली, केव्हा आणि किती उपसली याने. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. ग्राहकाच्या शंकेत तथ्य आहे आणि तिला उत्तरही आहे, पण ते उत्तर कंपनीच्या वॉरंटीच्या कागदावर लिहून आले पाहिजे. आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी आज सर्रास मिळते. उभ्या गाडीतून वीज दिली तर ती वॉरंटी राहते का, हे त्या कागदाने स्पष्ट सांगायला हवे.

आपल्याकडे आज गाडीतून मिक्सर, दिवे, फार तर एखादे यंत्र चालवण्याइतकी वीज काढता येते. काही गाड्यांत ही सोय २०२३ पासून आहे. ग्रिडला देण्याची घरगुती व्यवस्था रुळलेली नाही. तरी मन तयार करणारी एक गोष्ट घडलेली आहे : छतावरचे सौर पॅनल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून नेट मीटरिंग म्हणजे काय हे सांगली-जळगावच्या घरांतही कळू लागले. आपण वीज विकूही शकतो, हे ज्याने बिलावर एकदा पाहिले, त्याला गाडीची गोष्ट पटवायला वेळ लागत नाही.

मुंबईत तर वीज आणि वाहन एका छपराखाली होती. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीची स्थापना १९०५ ची. तिची विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली आणि ३१ मार्च १९६४ ला थांबली. बेस्टच्या नावात आजही वीजपुरवठा आणि वाहतूक शेजारी-शेजारी आहेत. गाडी आणि ग्रिड यांचा एकत्र विचार करणारी संस्था कशी असावी, याचा शोध घ्यायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही, एवढेच इथे नोंदवतो. त्यावर पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. बॅटरीतल्या लिथियमचे खाणकाम आणि जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. विजेवरच्या दुचाकी संख्येने मोटारींपेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण त्यांची बॅटरी दोन-चार युनिटांची. ग्रिडशी त्यांचे नाते वेगळे आहे. दरांचे तक्तेही दिलेले नाहीत, कारण नियामक आयोगाचा आदेश बदलला की ते शिळे होतात. त्याऐवजी वाचकाने आपले स्वतःचे ताजे बिल शेजारी ठेवून वाचावे. त्यावरचा मंजूर भार, दराची वर्गवारी, मीटरचा प्रकार आणि मागील बारा महिन्यांचा वापर या चार नोंदींवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या, तर पहिल्या प्रकरणातले हिशेब थेट आपल्या घराला लावून पाहता येतील.